लीला राव यांचा विजय आणि सवडीचा प्रश्न



कामगार संघटनेत तीस वर्षे घालवलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत महिलांच्या टेनिसवर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. मलाही वाटले. बोनस, महागाईभत्ता, ग्रॅच्युइटी यांवर बोल म्हटले असते तर मी टिपण न काढता उभा राहिलो असतो. परंतु या विषयाशी माझे एक जुने नाते आहे आणि ते आधी सांगितले पाहिजे.

वयाच्या अकराव्या वर्षी मी एका क्लबात चेंडू उचलीत असे. शाळा सुटली की सायंकाळी दोन तास. आई घरी मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायची. माझे ते चार पैसे तिला मिठा-तेलाला पुरत. एके दिवशी खेळणारी मंडळी सरबत घ्यायला गेली होती. बाकावर एक रॅकेट पडली होती. मी ती सहज हाती घेतली, तोच मार्कर ओरडला, "अबे पोट्ट्या, ठेव ते खाली!" मी ठेवली. त्या मार्करवर माझा राग नाही. तोही पोटासाठीच ओरडला. पण त्या जाळीच्या अलीकडे कोण उभे राहते आणि चेंडूमागे कोण धावते, हे कोणी आणि केव्हा ठरवले, हा प्रश्न तेव्हापासून मनात राहिला. शाळा दहावीत सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयांत झाले. तेथे जे हाती लागले त्यातून ही हकीकत जुळवली आहे.

आरंभ इसवी सन १८७७ पासून करू. त्या वर्षाच्या १ जानेवारीला व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची द्वाही दिल्लीत फिरली आणि त्याच दिवशी आपल्या नागपुरात जुम्मा तलावाजवळ जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. त्याच वर्षी मजुरीच्या दरावरून या गिरणीतील कामगारांनी काम बंद ठेवले. हिंदुस्थानातील कारखान्यांच्या इतिहासात नोंदलेल्या अगदी पहिल्या संपांत त्याची गणना होते. आणि त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात लंडनजवळ विम्बल्डन येथे टेनिसची पहिली स्पर्धा भरली. गिरणी, संप आणि टेनिसची स्पर्धा अशी ही तीन भावंडे एकाच सालची आहेत. हा योगायोग खरा, परंतु केवळ योगायोग नव्हे. यंत्रयुगाने काही माणसांच्या पदरात भरपूर सवड टाकली आणि पुष्कळांच्या पदरातून असलेली सवडही काढून घेतली. हिरवळीवरचा हा खेळ पहिल्या प्रकारच्या माणसांचा. संप हे दुसऱ्या प्रकारच्या माणसांचे गाऱ्हाणे.

विम्बल्डनची पहिली स्पर्धा केवळ पुरुषांची होती. स्त्रियांना प्रवेश मिळाला तो सात वर्षांनी, १८८४ साली. तेरा जणी उतरल्या. अंतिम सामना दोन सख्ख्या बहिणींत झाला आणि धाकट्या मॉड वॉटसनने थोरल्या लिलियनला हरवले. १८८७ साली लॉटी डॉड नावाची पंधरा वर्षांची मुलगी विजेती झाली. वयाने लहान म्हणून तिला शाळकरी आखूड झगा घालून खेळता आले. मोठ्या बायकांना पायघोळ घागरे, कमरेला आवळपट्टी आणि डोक्यावर टोपी असा जामानिमा करून धावावे लागे. १९०० साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये शार्लट कूपरने महिलांची एकेरी जिंकली. वैयक्तिक स्पर्धेत ऑलिंपिक विजेती ठरलेली ती पहिली स्त्री. तिच्यानंतर डोरोथिया लँबर्ट चेंबर्स हिने १९०३ ते १९१४ या काळात सात वेळा विम्बल्डन जिंकले. १९११ च्या अंतिम सामन्यात तिने प्रतिस्पर्धिनीला एकही गेम मिळू दिला नाही.

१९१९ चा अंतिम सामना मात्र जुने युग आणि नवे युग यांचा सामना म्हणून ओळखला जातो. महायुद्ध संपले होते. एका बाजूला चाळिशी गाठलेली, दोन मुलांची आई असलेली लँबर्ट चेंबर्स आणि दुसऱ्या बाजूला वीस वर्षांची फ्रेंच तरुणी सुझान लेंग्लेन. लेंग्लेनने कमरेची आवळपट्टी टाकून दिली होती; तिचा झगा पोटरीपर्यंतच होता आणि बाह्या आखूड होत्या. लोकांनी नाके मुरडली, पण डोळे काही वळवले नाहीत. तिसऱ्या सेटमध्ये लँबर्ट चेंबर्स विजयापासून एका गुणावर येऊन ठेपली होती, तीही दोनदा. दोन्ही वेळा लेंग्लेन निसटली आणि अखेर १०-८, ४-६, ९-७ असा सामना तिने जिंकला.

आता ही नावे पुन्हा एकवार पाहा. मॉड वॉटसन धर्मोपदेशकाची कन्या, लँबर्ट चेंबर्स धर्मोपदेशकाची कन्या, लॉटी डॉडचे वडील कापसाच्या व्यापारात श्रीमंत झालेले. कोणी मजुराची मुलगी नाही. कारण उघड आहे. या खेळाला चार गोष्टी लागतात: सपाट राखलेली जागा, खेळायला मोकळा वेळ, अंग हलवता येईल असा पोशाख आणि घरच्यांची मोकळीक. यांतील पोशाखाची लढाई त्या बायांनी स्वतः जिंकली. जागा आणि वेळ त्यांना जन्मानेच मिळाले होते. शिवाय त्या काळी 'हौशी खेळाडू' हा नियम कडक होता. बक्षिसाची रक्कम घेणारा, खेळ शिकवून पोट भरणारा, तो स्पर्धेस अपात्र. दिसायला हा नियम मोठा सोज्वळ. परंतु ज्याला रोजी बुडवून खेळणे परवडत नाही, त्याला दाराबाहेर ठेवण्यास यापरते चांगले कुलूप नव्हते.

हाच खेळ इंग्रजी छावण्या आणि सिव्हिल लाइन्स यांच्याबरोबर आपल्याकडे आला. साहेबांच्या क्लबांत देशी माणसाला प्रवेश बहुधा नसे. म्हणून हिंदी लोकांनी आपापले जिमखाने काढले. स्त्रियांत प्रथम पुढे आल्या त्या पारशी भगिनी. त्यांतील लेडी मेहरबाई टाटा यांचे नाव नागपूरकरांनी विशेष लक्षात ठेवावे. मेहरबाई या भाभा घराण्यातील; जन्म १८७९ चा. १८९८ साली जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दोराबजींनी धंद्याची उमेदवारी आपल्याच एम्प्रेस मिलमध्ये केली होती. मेहरबाई टेनिस उत्तम खेळत आणि पारशी पद्धतीची साडी नेसून खेळत. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी हिंदुस्थानच्या टेनिस संघात त्यांचे नाव होते. मिश्र दुहेरीत महंमद सलीम यांच्याबरोबर त्यांची जोडी होती.

आपल्या गिरणीत बारा-बारा तास उभे राहून ज्यांनी सूत काढले, त्यांच्या घामाचा काही अंश त्या साडीच्या पदराला होता, असे मी म्हटले तर ते खोटे होणार नाही. परंतु एवढेच म्हणून थांबलो तर ते अर्धसत्य होईल. याच १९२४ साली टाटांचा पोलादाचा कारखाना बुडायच्या बेतात आला. कामगारांचे पगार भागेनात. तेव्हा दोराबजींनी आपली खाजगी मालमत्ता इंपीरियल बँकेत गहाण टाकून एक कोटीचे कर्ज उभे केले. त्यात मेहरबाईंचा सुप्रसिद्ध जुबिली हिराही होता. बालविवाहाला बंदी घालणाऱ्या १९२९ च्या सारडा कायद्यासाठी या बाईंनी खटपट केली, स्त्रियांच्या संस्था उभारल्या. १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने त्या वारल्या. मालकवर्गातील माणसाचे चांगले काम चांगले म्हणण्याइतकी आमची जीभ जड झालेली नाही.

आता आजच्या मुख्य नायिकेकडे वळतो. तिची कथा तिच्या आजोबांपासून सांगावी लागते. शंकर पांडुरंग पंडित हे सावंतवाडीकडचे. वेदांचे आणि संस्कृत काव्याचे मोठे अभ्यासक. सरकारी आश्रयाने निघालेली, 'इंदुप्रकाश'ची प्रत म्हणून ओळखली जाणारी तुकोबांची गाथा त्यांनी विष्णुशास्त्री पंडित यांच्या सहकार्याने संपादित केली. आज वारकऱ्यांच्या घरोघर गाथा आहे. ती शुद्ध स्वरूपात छापली जावी म्हणून जुन्या वह्या ताडून पाहणाऱ्यांत हा माणूस होता. १८९४ साली ते निवर्तले तेव्हा त्यांची कन्या क्षमा अगदी लहान होती. पितृछत्र गेलेल्या या मुलीने पुढे जिद्दीने विद्या मिळवली. मुंबईचे नामांकित डॉक्टर राघवेंद्र राव यांच्याशी तिचा विवाह झाला. याच त्या पंडिता क्षमा राव. गांधीजींच्या लढ्यावर त्यांनी 'सत्याग्रहगीता' हे संस्कृत काव्य रचले. ते १९३२ साली पॅरिसला छापले गेले. तुकाराम, रामदास आणि ज्ञानेश्वर यांची चरित्रेही त्यांनी संस्कृत श्लोकांत लिहिली. आणि ही श्लोक रचणारी बाई टेनिसही नेटाने खेळे, स्पर्धांतून उतरे. एका हातात अनुष्टुभ आणि दुसऱ्या हातात रॅकेट, असे हे घर.

या घरात १९ डिसेंबर १९११ रोजी लीलाचा जन्म झाला. आईनेच तिला संस्कृताची गोडी लावली आणि आईच्याच पावलावर पाऊल टाकून ती कोर्टावर उतरली. १९३१ साली, वयाच्या विसाव्या वर्षाच्या आत, तिने अखिल भारतीय स्पर्धेत महिलांची एकेरी जिंकली. तोपर्यंत या स्पर्धेवर बहुतेक गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन स्त्रियांचा वरचष्मा असे. पुढे १९३६, १९३७, १९३८, १९४०, १९४१ आणि १९४३ अशा आणखी सहा वेळा, म्हणजे एकूण सात वेळा हा मान लीला राव यांनी मिळवला. बारा वर्षे पहिल्या प्रतीचा खेळ टिकवणे ही सोपी गोष्ट नाही.

१९३४ च्या उन्हाळ्यात त्या विम्बल्डनला उतरल्या. त्यांच्या आधी जेनी सँडिसन ही अँग्लो-इंडियन खेळाडू हिंदुस्थानातून तेथे जाऊन खेळली होती. पण सामना जिंकण्याचा मान कोणा हिंदी स्त्रीला मिळाला नव्हता. लीलाबाईंची पहिल्या फेरीतील प्रतिस्पर्धी ग्लॅडिस साउथवेल. पहिला सेट लीलाबाई ४-६ असा हरल्या. परका देश, परकी हिरवळ, आणि एक सेट हातचा गेलेला. दुसरा सेट सहा गेममध्ये आटोपला नाही. त्या काळी बरोबरी झाली की आजच्यासारखा टायब्रेकर नसे. दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत झुंजावेच लागे. सहा-सहा, सात-सात, आठ-आठ अशी बरोबरी गाठत तो सेट अठरा गेमपर्यंत लांबला आणि लीलाबाईंनी तो १०-८ असा ओढून आणला. त्यानंतर समोरचीचा जोर ओसरला. तिसरा सेट ६-२. विम्बल्डनवर हिंदी स्त्रीचा तो पहिला विजय. दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या इडा अ‍ॅडमॉफने त्यांना तीन सेटमध्ये हरवले. पुढच्या वर्षी त्या पुन्हा गेल्या आणि पहिल्याच फेरीत परतल्या. म्हणजे आकड्यांत मोजले तर एकच विजय. परंतु आमच्या चळवळीतही असे असते. पहिला करार कधीच मोठा नसतो. तो झाला, एवढीच त्याची थोरवी.

त्याच १९३४ साली मुंबईत दुसरे काय चालले होते? एप्रिलमध्ये कापडगिरण्यांच्या कामगारांनी पगारकपातीविरुद्ध सार्वत्रिक संप पुकारला. लीलाबाई लंडनला खेळत होत्या तेव्हा गिरणगावात हजारो चुली उसनवारीवर पेटत होत्या. त्याच वर्षी नवा फॅक्टरी कायदा झाला. त्याने कामाचा दिवस दहा तासांवर आणि आठवडा चौपन्न तासांवर आणला. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांना अकरा तासांची मर्यादा घातली होती. म्हणजे त्रेचाळीस वर्षांत एक तास सुटला! भगिनींनी हिशेब करावा. दहा तास काम, एक तास सुट्टी, जाण्यायेण्याचा तास. पहाटे उठून भाकऱ्या, नळावरचे पाणी. रात्री पुन्हा चूल, लेकरे, म्हाताऱ्यांचे पाय. यातून टेनिसला किती मिनिटे उरतात? आपल्या नागपुरातीलच गिरणीत काम केलेल्या राधाबाई कांबळे या दलित भगिनीने १९२९ साली नेमलेल्या मजूर चौकशी कमिशनपुढे उभे राहून कामगार स्त्रियांची स्थिती सांगितली होती. परक्या साहेबांपुढे न डगमगता बोलणारी ही बाई धैर्यात लीलाबाईंहून तसूभरही कमी नव्हती. एकीला हिरवळ मिळाली, दुसरीला साक्षीचा कठडा.

परंतु १९३४ च्या विम्बल्डनची आणखी एक गोष्ट आहे, आणि मला ती वाचनालयात सापडली त्या दिवशी मी आनंदाने टेबलावर हात आपटला, ग्रंथपाल रागावले. त्या वर्षी पुरुषांची एकेरी फ्रेड पेरीने जिंकली. या पेरीचे वडील सॅम्युएल पेरी हे मूळचे सूतगिरणीतील कामगार. सहकारी चळवळीतून वर येऊन ते पार्लमेंटात गेले होते. गिरणी कामगाराचा मुलगा विम्बल्डनचा विजेता झाला! तेथील उच्चभ्रूंना ते रुचले नाही. विजेत्याला मिळणारा क्लबचा मानाचा टाय त्याला समारंभाने न देता खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवला होता, असे पेरी पुढे सांगत असे. आणि महिलांची विजेती कोण? डोरोथी राउंड. डडली या कारखान्यांच्या गावची, रविवारच्या शाळेत मुलांना शिकवणारी आणि रविवारी खेळण्यास साफ नकार देणारी. इंग्लंडात सार्वजनिक शिक्षण, सहकार आणि कामगार चळवळ यांनी दोन पिढ्यांत जमीन थोडी सपाट केली, तेव्हा हे पीक आले. म्हणजे हा खेळ काही जन्माने धनिकांचा नाही. मजुराच्या मुलाला सवड आणि जागा दिली तर तोही राजाराणीसमोर जिंकून दाखवतो.

आपल्याकडे पुढे काय झाले? लीलाबाईंनी नृत्यशास्त्रावर ग्रंथ लिहिले, आईच्या कथांवरून संस्कृत नाटके रचली. मुत्सद्दी म्हणून काम करणाऱ्या हरीश्वर दयाळ यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. ते नेपाळात भारताचे राजदूत असताना १९६४ साली वारले. लीलाबाईंच्या १९३४ मधील विजयानंतर विम्बल्डनच्या एकेरीत भारतीय स्त्रीचा पुढचा विजय आला तो २००५ साली, सानिया मिर्झा यांचा. मध्ये एकाहत्तर वर्षे गेली. मध्ये चांगल्या खेळाडू झाल्याच नाहीत असे नव्हे. निरुपमा मंकड होत्या. निरुपमा वैद्यनाथन यांनी १९९८ साली ऑस्ट्रेलियात एकेरीचा सामना जिंकला. तरीही एकाहत्तर वर्षे ही एका माणसाच्या आयुष्याएवढी होतात. या देशात त्या काळात जन्मलेल्या कोट्यवधी मुलींत त्या तोडीची कोणीच नव्हती, हे मी मानीत नाही. त्या होत्या. त्यांतल्या कित्येक नळाच्या रांगेत होत्या, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन होत्या, तेंदूपत्ता कापत होत्या.

काही वर्षांपूर्वी बिडी कामगार स्त्रियांच्या एका सभेनंतर मी त्यांच्या मुलींना विचारले, "तुम्ही काय खेळता?" बराच वेळ कोणी बोलेना. मग एक बारा-तेरा वर्षांची मुलगी म्हणाली, "काका, आधी खेळत होतो. मैदानावर आता गाड्या उभ्या राहतात." मला वाटले होते की ती गरिबीचे कारण सांगेल, किंवा आई पाठवत नाही म्हणेल. तिने जागेचे सांगितले. त्या दिवशी मी आमच्या मागणीपत्रात भविष्यनिर्वाह निधीच्या खाली एक ओळ घातली: वस्तीतील मैदान मोकळे करून मिळावे. सहकारी हसले. ती ओळ कोणीही खोडली नाही, पण मंजूरही झाली नाही. पुढच्या प्रत्येक मागणीपत्रात मी ती घालीत आलो आहे.

सज्जनहो, आठ तास काम, आठ तास झोप आणि आठ तास आपले स्वतःचे, अशी आमच्या चळवळीची जुनी घोषणा होती. पहिल्या दोन अष्टकांसाठी आम्ही भांडलो. तिसऱ्यात माणसाने काय करावे याचा विचार करण्यास आम्हांला फुरसत झाली नाही, ही आमची चूक मी येथे कबूल करतो. आणि त्या तिसऱ्या अष्टकात बाई आहे, हे तर आमच्या ध्यानीही नव्हते. पुरुष कामगाराचे आठ तास सुटले. त्याच्या बायकोचे कोणत्याच कायद्याने सुटले नाहीत.

लीला राव यांच्या विजयाकडे मी म्हणूनच असूयेने पाहत नाही. त्यांच्या आजोबांनी तुकोबांची गाथा शोधून छापली, ती फक्त पंडितांसाठी राहिली नाही. ती टाळकऱ्यांच्या हाती गेली. रॅकेटचेही तसेच व्हावे, एवढेच माझे मागणे आहे. दुसऱ्या सेटमध्ये आठ-आठ बरोबरी असताना त्या बाईने जो दम धरला, तो दम धरणाऱ्या मुली आपल्या इतवारीत, इंदोऱ्यात, कामठीत आज आहेत. एम्प्रेस मिलच्या जागी आता बाजारपेठ उभी आहे. तेथे भोंगा वाजत नाही. पण शहरात अजून काही मोकळ्या जागा शिल्लक आहेत.

आज या सभेत नगरसेवक आहेत, शिक्षक आहेत, मुलींचे आईबाप आहेत. आपल्या प्रभागातील एक मैदान निवडा. त्यावर सायंकाळी दोन तास फक्त मुलींसाठी राखा. आणि घरी गेल्यावर त्या दोन तासांचे पाणी भरण्याचे काम भावाकडे द्या. माझे मागणीपत्र एवढेच आहे.